कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर पिचर पूर्ववत कधी होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉलमधला एखादा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, वर्ष-दीड वर्षाने माउंडवर (चेंडू टाकायच्या उंचवट्यावर) उभा राहिला की बातमी येते, ‘परतला’. पुढच्या दोन-तीन सामन्यांत त्याला मार पडला की तेच लोक म्हणतात, ‘संपला’. या दोन्ही बातम्या घाईच्या असतात. कोपर बरं होण्याची तारीख वेगळी आणि पिचर पूर्ववत होण्याची तारीख वेगळी. मधलं अंतर कधी काही महिन्यांचं असतं, कधी तीन-चार वर्षांचं. खालचे बहुतेक प्रश्न त्या मधल्या काळाबद्दलच आहेत.

ही शस्त्रक्रिया नेमकी कशाची? सचिनला झाला होता तो टेनिस एल्बो हाच का?

नाही. टेनिस एल्बोचं दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूला असतं. तिथे स्नायू हाडाला जोडणारी कंडरा झिजलेली असते. पिचरची दुखापत आतल्या बाजूची. हात खाली सोडून तळवा पुढे केला की कोपराची जी बाजू बरगड्यांकडे येते, ती ही बाजू. दंडाचं हाड आणि करंगळीकडचं हाड यांना एकमेकांशी बांधून ठेवणारं एक आखूड, चिवट लिगामेंट तिथे असतं. त्याचं नाव अल्नर कोलॅटरल लिगामेंट, थोडक्यात यूसीएल. ते फाटलं तरी माणूस जेवतो, लिहितो, गाडी चालवतो. अडतं ते जोरात फेकायची वेळ आली की.

याला ‘टॉमी जॉन सर्जरी’ का म्हणतात?

पहिल्या रुग्णाच्या नावावरून. टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचा डावखुरा पिचर. 1974च्या हंगामात 13 विजय आणि 3 पराभव (सामन्याचा निकाल पिचरच्या नावावर लिहितात) अशा झकास फॉर्मात असताना 17 जुलैला चेंडू टाकता टाकता त्याचं लिगामेंट गेलं. तोवर या दुखापतीचा अर्थ एकच होता, निवृत्ती. डॉ. फ्रँक जोब यांनी 25 सप्टेंबर 1974 रोजी त्याच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

पुढे काय झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. 1975चा अख्खा हंगाम त्याने बाहेर काढला. 1976 मध्ये परतला तेव्हा 10 विजय, 10 पराभव. म्हणजे धड वाईट नाही आणि धड पूर्वीसारखाही नाही. 1977 मध्ये 20 विजय. तो 1989 पर्यंत, वयाच्या 46व्या वर्षापर्यंत खेळला. कारकिर्दीतल्या 288 विजयांपैकी 164 शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. त्याची 1976 मधली ती बरोबरीची आकडेवारी मला विजयांच्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी वाटते. कोपर बरं झालं होतं, पिचर अजून घडत होता.

क्रिकेटचे वेगवान गोलंदाजही तितक्याच वेगाने टाकतात. त्यांचं हे लिगामेंट का फाटत नाही?

कारण गोलंदाज हात सरळ ठेवून टाकतो. चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, हा तर नियमच आहे. त्यामुळे गोलंदाजीचा भार कोपरावर कमी येतो, तो कंबरेकडे जातो. वेगवान गोलंदाजांना पाठीच्या मणक्यांचे स्ट्रेस फ्रॅक्चर होतात ते म्हणूनच. पिचर मात्र हात कोपरात वाकवून मागे नेतो आणि तिथून झटक्यात पुढे आणतो. त्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे 7000 अंश या वेगाने फिरत असतो. दंड पुढे निघालेला, मनगट आणि चेंडू अजून मागेच रेंगाळलेले, आणि मधल्या कोपराची आतली बाजू उसवायला लागते. ती उसवू न देण्याचं काम त्या इवल्याशा लिगामेंटचं. एकट्या लिगामेंटला तो ताण झेपत नाही, बराचसा भार हाताचे स्नायू उचलतात. ते स्नायू थकले की उरलेलं ओझं लिगामेंटवर येतं. शंभराव्या चेंडूला कोपर धोक्यात असतं ते यामुळे.

शस्त्रक्रियेत काय करतात? जिथून कंडरा काढतात तो भाग लुळा पडत नाही का?

मनगटाच्या आतल्या बाजूला पामॅरिस लाँगस नावाची एक बारीक कंडरा असते. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वाकवलं की मधोमध दोरीसारखी वर येते ती. काही जणांच्या हातात ती जन्मतःच नसते आणि त्यांचं त्यावाचून काहीही अडत नाही. त्यामुळे ती काढल्याने हात अधू होत नाही. नसेल तर मांडीच्या मागची कंडरा वापरतात. कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडून ती कंडरा त्यांतून ओवतात आणि ताणून बसवतात.

आता खरी गोष्ट. बसवली त्या दिवशी ती लिगामेंट नसते, नुसती कंडरा असते. तिच्यात नव्याने रक्तवाहिन्या जातात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, तंतूंची मांडणी बदलते, आणि महिनोन्‌महिने चाललेल्या या कामानंतर ती लिगामेंटसारखं वागायला लागते. ही घडण कुठल्याही व्यायामाने लवकर उरकत नाही. खेळाडूला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदम ठणठणीत वाटतं आणि फिजिओला सगळ्यात जास्त काळजी त्याच महिन्यांत असते, ती याचमुळे.

पूर्ण वेळापत्रक कसं असतं?

माणसागणिक आणि डॉक्टरांगणिक बदलतं, पण साधारण असं. सुरुवातीचे काही आठवडे कोपराला ब्रेस. तो ठरावीक अंशांपर्यंतच वाकतो आणि दर आठवड्याला थोडा मोकळा करतात. दीड-दोन महिन्यांत हात पुरता सरळ होणं अपेक्षित असतं. मग मनगट, पंजा, खांदा, पाठ, पाय यांची ताकद. चौथ्या-पाचव्या महिन्यात चेंडू फेकायला परवानगी. आठव्या-नवव्या महिन्याच्या आसपास माउंडवरून पिचिंग. सामना बाराव्या ते अठराव्या महिन्यात.

फेकायची परवानगी मिळते त्या दिवसाबद्दल थोडं सांगायला हवं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच घडत नाही. जोडीदार 45 फुटांवर, म्हणजे जेमतेम 14 मीटरवर उभा. आधी थोडे हलके चेंडू, मग 25 फेकी, विश्रांती, परत 25 फेकी. एवढंच. दुसऱ्या दिवशी सुट्टी. ताशी 155 किलोमीटरने टाकणारा माणूस लहान मुलाशी कॅच खेळावा तसा खेळत असतो. पण त्याचा चेहरा पाहा. प्रत्येक फेकीनंतर नजर चेंडूच्या मागे जात नाही, कोपराकडे जाते. पांढऱ्या चामड्यावरच्या 108 लाल टाक्यांवर बोटं फिरतात, पकड बसते, सुटते, पुन्हा बसते. पाच महिने हाती चेंडू नसलेल्या माणसाच्या बोटांना टाके टोचतात, कारण घट्टे गेलेले असतात. मग 60 फूट, 90, 120, 150, 180. एखाद्या टप्प्यावर दुखलं तर एक पायरी खाली. या उतरंडीला अपयश मानणारे खेळाडू घाई करतात आणि तीच घाई पुढे नडते.

करंगळीत मुंग्या येणं म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली का?

लगेच तसं समजू नये. कोपर टेबलावर आपटलं की झणझणतं ती अल्नर नस याच लिगामेंटला लागून जाते. शस्त्रक्रियेनंतर तिची चिडचिड झाली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. बहुतेकांचं आपोआप ओसरतं. टॉमी जॉनचं मात्र ओसरलं नव्हतं. त्याच्या हाताची बोटं आखडली आणि डिसेंबर 1974 मध्ये नसेसाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. त्यामुळे बधिरपणा अंगावर न काढता डॉक्टरांना सांगणं, हाच नियम.

वेग पूर्वीइतका आला म्हणजे फॉर्म आला, असं म्हणता येईल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न हाच. नाही म्हणता येणार. बहुधा वेग आधी येतो आणि नेम मागाहून.

हिशेब साधा आहे. माउंड ते होम प्लेट (बॅटर उभा असतो तिथली पाटी) हे अंतर 60 फूट 6 इंच, म्हणजे 18.44 मीटर. प्लेटची रुंदी 17 इंच, म्हणजे 43 सेंटिमीटर. चेंडू सुटण्याच्या दिशेत एका अंशाची चूक झाली तरी प्लेटपर्यंत पोचेस्तोवर तो 30 सेंटिमीटरच्या आसपास भरकटतो. कडेला टाकायचा चेंडू एवढ्याने मधोमध येतो आणि प्रेक्षकांत जातो. एका अंशाइतकी अचूकता ताकदीने येत नाही. ती हजारो फेकींतून हाताला लागलेली सवय असते. वर्षभर हात बंद राहिला की ती सवय विरते. शिवाय नवं लिगामेंट, नवी ताकद, मधल्या काळात बदललेलं खांद्याचं वळण यांमुळे हात तोच असला तरी त्याचं माप बदललेलं असतं.

पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओतानीचं उदाहरण यासाठी सगळ्यात चांगलं. त्याची टॉमी जॉन 1 ऑक्टोबर 2018 रोजी झाली. जुलै 2020 मध्ये तो परतला, तेव्हा पहिल्या सामन्यात एकही बॅटर बाद न करता त्याला माउंड सोडावा लागला. दुसऱ्या सामन्यात नेम चुकून पाच बॅटरना पहिला बेस फुकट दिला (यालाच वॉक म्हणतात), वेग घसरला आणि हाताचा स्नायू दुखावल्याने त्या वर्षाचं पिचिंग तिथेच संपलं. तेव्हा अनेकांनी त्याला फक्त बॅटर व्हायचा सल्ला दिला होता. 2021 च्या सुरुवातीला वेग होता, नेम नव्हता. एकेका सामन्यात पाच-सहा वॉक जात होते. हंगामाच्या उत्तरार्धात तेच वॉक एक-दोनवर, कधी शून्यावर आले. वर्षअखेरीस 9 विजय, 2 पराभव, 3.18चा ईआरए (नऊ डावांमागे पिचरमुळे गेलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली), सोबत बॅटने 46 होम रन आणि एमव्हीपीचा, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा किताब. शस्त्रक्रियेपासून मोजलं तर अडीच वर्षांहून जास्त काळ गेला होता.

कोणता चेंडू सगळ्यात उशिरा परत येतो?

बहुतेक पिचरच्या बाबतीत स्लायडर आणि कर्व्हबॉल हे वळणारे चेंडू. रिहॅबमध्येही (दुखापतीनंतरच्या पुनर्वसनात) आधी फास्टबॉल, मग चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला फसवा चेंडू) आणि शेवटी वळणारे चेंडू असाच क्रम ठेवतात. वळण हे बोटांच्या टोकांच्या स्पर्शावर उभं असतं. तो स्पर्श रोजच्या सरावानेच टिकतो.

शस्त्रक्रियेनंतर वेग वाढतो, हे खरं आहे का?

शस्त्रक्रियेमुळे नाही. काहींचा वेग वाढलेला दिसतो, कारण त्याआधीची एक-दोन वर्षं ते अर्धवट फाटलेल्या लिगामेंटने टाकत होते. आणि मग वर्षभर पाय, कंबर, खांदा यांवर आयुष्यात पहिल्यांदा इतकी पद्धतशीर मेहनत झालेली असते. वाढीव वेगाचं श्रेय त्या मेहनतीचं. धडधाकट कोपरावर ‘वेगासाठी’ ही शस्त्रक्रिया करून घ्यावी का, असं विचारणारे पालक अमेरिकेत डॉक्टरांना भेटले आहेत. हे ऐकून फार वाईट वाटतं. उत्तर ठाम नाही असंच आहे.

मनातली धास्ती कधी जाते?

तारीख सांगता येत नाही. पण ती दिसते. पिचर हात राखून टाकतो, चेंडू सोडल्यावर हाताचं पुढचं वळण अर्धवट तोडतो, थोडं आधीच सोडतो म्हणून चेंडू वर जातात. गंमत नव्हे, हे धोक्याचंच आहे. कोपर जपायला म्हणून हालचाल बदलली की भार खांद्यावर जातो. चांगले प्रशिक्षक अशा वेळी ‘घाबरू नकोस’ म्हणत बसत नाहीत. ते जुने आणि नवे व्हिडिओ शेजारी लावून हात नेमका कुठे आखडतोय ते दाखवतात. डोळ्यांनी दिसलेली चूक दुरुस्त करणं खेळाडूला जमतं.

मोठ्या संघात थेट परत घेतात का?

सहसा नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, पिचरला आधी मायनर लीगच्या (दुय्यम स्पर्धेच्या) संघाकडून ‘रिहॅब असाइनमेंट’वर खेळवतात. पिचरसाठी तिची नेहमीची मुदत 30 दिवसांची. तिथे निकाल पाहायचा नसतो. चेंडूंची संख्या वाढवत नेणं आणि दुसऱ्या दिवशी हात कसा उठतो ते पाहणं, यासाठी ते सामने असतात.

ओतानीचं 2025 मध्ये वेगळं झालं. सप्टेंबर 2023 मध्ये त्याच्या कोपरावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉजर्सना रोज त्याची बॅट हवी होती, त्यामुळे त्याला मायनर लीगमध्ये पाठवणं परवडणारं नव्हतं. मग रिहॅबच मोठ्या सामन्यांत झालं. 16 जून 2025 रोजी पॅड्रेस संघाविरुद्ध एकच इनिंग, म्हणजे सामन्याच्या नऊ डावांपैकी एक. पुढे दोन, तीन, चार असं करत 27 ऑगस्टला पहिल्यांदा पूर्ण पाच. हंगामात 14 सामने मिळून 47 इनिंग्ज आणि 2.87 ईआरए. उंबरठे एकेक करून ओलांडायचे म्हणजे काय, ते त्या अडीच महिन्यांत जगाने पाहिलं.

इनिंग्जवर मर्यादा घालणं योग्य आहे का? 2012 चा स्ट्रासबर्गचा वाद काय होता?

स्टीफन स्ट्रासबर्गची शस्त्रक्रिया सप्टेंबर 2010 मध्ये झाली. 2012 मध्ये त्याचा संघ वॉशिंग्टन नॅशनल्स जोरात होता, पण त्यांनी ठरवल्याप्रमाणे त्याला सप्टेंबरमध्ये, 159 इनिंग्जनंतर थांबवलं. संघ प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत हरला आणि टीकेचा भडिमार झाला. 2019 मध्ये हाच स्ट्रासबर्ग वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, एमव्हीपी ठरला. थांबवल्यामुळेच तो टिकला असं सिद्ध करता येत नाही. तरीही मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे. ज्याचं कोपर आहे त्याच्या दहा वर्षांचा विचार एका महिन्याच्या बदल्यात सोडू नये.

सगळेच परततात का?

नाही. व्यावसायिक पिचरांपैकी सुमारे 80 टक्के पुन्हा खेळतात, पण ‘खेळणं’ आणि ‘पूर्वीसारखं खेळणं’ यांत फरक आहे, दुसऱ्या गटाची संख्या कमी. उत्तम उदाहरणं अर्थातच आहेत. जस्टिन व्हरलँडर 2021च्या हंगामाला पूर्ण मुकला आणि 2022 मध्ये, 39व्या वर्षी, 18 विजय, 4 पराभव, 1.75 ईआरए आणि एकमताने साय यंग पुरस्कार (सर्वोत्तम पिचरचा) घेऊन गेला. जॉन स्मोल्ट्झने 2000चा हंगाम गमावला, परतल्यावर क्लोजरची (शेवटी येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरची) भूमिका स्वीकारली आणि 2002 मध्ये 55 सेव्ह केले, म्हणजे तितक्या सामन्यांत आघाडी राखली. पुढे पुन्हा स्टार्टरही, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचरही, झाला.

ख्रिस सेलचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. मार्च 2020 मध्ये शस्त्रक्रिया, ऑगस्ट 2021 मध्ये पुनरागमन. मग 2022 मध्ये बरगडीचं फ्रॅक्चर, परतल्यावर फटका लागून बोट मोडलं, त्यानंतर सायकलवरून पडून मनगट मोडलं. लोकांनी नाव सोडून दिलं होतं. 2024 मध्ये अटलांटाकडून 18 विजय, 3 पराभव, 2.38 ईआरए, आणि कारकिर्दीतला पहिला साय यंग. शस्त्रक्रियेनंतर चार वर्षांनी.

बॅटरलाही हीच शस्त्रक्रिया होते. तो इतक्या लवकर कसा परततो?

बॅट फिरवताना या लिगामेंटवर तसा ताण येत नाही. ब्राइस हार्पर नोव्हेंबर 2022 च्या शस्त्रक्रियेनंतर 160 दिवसांत बॅटिंगला उभा राहिला. पण फक्त बॅटिंगला. फेकायची वेळ त्याच्यावरही उशिराच आली.

‘इंटर्नल ब्रेस’ म्हणजे काय?

लिगामेंटचं बाकी अंग चांगलं असेल आणि ते हाडापासून सुटलेलं असेल, तर ते जागेवर शिवून त्यावर मजबूत टेपचा आधार बसवतात. नवी कंडरा घडण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून काही महिने वाचू शकतात. फाटकं जुनं आणि विरलेलं असेल तर मात्र हा मार्ग चालत नाही. हल्ली कंडरा बसवून वर हा आधारही देतात.

दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली तर?

अवघड होतं, वेळ जास्त लागतो आणि परतणाऱ्यांचं प्रमाणही घटतं. तरी जेकब डीग्रॉमकडे पाहा. पहिली 2010 मध्ये, मायनर लीगमध्ये असताना. दुसरी जून 2023 मध्ये. सप्टेंबर 2024 मध्ये तो परतला आणि 2025 मध्ये, 37व्या वर्षी, 30 सामने टाकून 2.97 ईआरए राखला. त्या वर्षी त्याचे सामने पाहताना जाणवत होतं, की दरवेळी ताशी 160 किलोमीटरचा हट्ट त्याने सोडला होता. पहिल्या बॅटरपासून सगळा जोर लावायचा नाही, एवढं त्याने मान्य केलं.

मग या दुखापती वाढतायत का?

हो, आणि सगळा जोर लावण्याच्या हट्टामुळेच. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये ताशी 91.3 मैल होता, 2024 मध्ये 94.2. म्हणजे साधारण 147 वरून 152 किलोमीटर. मेजर लीगने डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही वेगाचा पाठलाग, जास्तीत जास्त फिरकीचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकणं, हीच कारणं पुढे आली. शाळकरी मुलांचं कोपर त्याच शर्यतीत जातंय याचा मला राग येतो. अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक सूचनांत 9-10 वर्षांच्या मुलाने दिवसाला 75 पेक्षा जास्त, 11-12 वर्षांच्या मुलाने 85 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, असं स्पष्ट लिहिलंय. वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद, असंही. पण मूल एकाच वेळी दोन संघांत खेळत असेल, तर बेरीज कोणी ठेवत नाही. ती घरच्यांनी ठेवावी.

पुनरागमनाच्या सामन्यात मी काय पाहू?

वेगाचा आकडा पडद्यावर दिसतोच, तो बाजूला ठेवा आणि कॅचरचा (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) ग्लोव्ह पाहा. पिचर चेंडू टाकण्याआधी ग्लोव्ह कुठे धरलाय ते बघा आणि चेंडू तिथेच आला का, की कॅचरला हात आडवा ताणावा लागला, ते बघा. पहिल्या इनिंगमध्ये ग्लोव्ह बहुधा खूप हलेल. तिसऱ्या-चौथ्या सामन्यात जरा कमी.

आणि एक क्षण हेरून ठेवा. तीन बॉल, दोन स्ट्राइक (आता नेम चुकला की वॉक), बेसवर माणसं. कॅचर स्लायडरची खूण करतो. परतून थोडेच दिवस झालेला पिचर मान हलवून ती नाकारतो आणि फास्टबॉल टाकतो, कारण त्याचा त्या चेंडूवर अजून भरवसा नसतो. असं कित्येक सामने चालतं. मग एके दिवशी तीच खूण येते, तो मान हलवत नाही, चेंडू आपल्या ग्लोव्हमध्ये तिरपा फिरवून धरतो आणि स्लायडर टाकतो. बॅटरने तो मारला तरी चालेल. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा.